धुऱ्यापलीकडचे अकरा खुंट

बस. खुर्चीवर नको, सतरंजीवर बस, सातवीत बसायचास तसा. तुझे दोघे दोस्त ओट्यावरच थांबू देत. त्यांनाही ऐकू जाईल. माझा आवाज अजून चार भिंतींत मावत नाही.

सकाळी तुझ्या शेतावर जाऊन आलो. खुंट मोजले. सव्वीस. बांबूचे, गुडघ्याच्या खाली, प्रत्येकावर फुटक्या बाटलीचा गळा उलटा बसवलेला आणि त्यावरून बाइंडिंगची तार. पंधरा खुंट तुझ्या मक्याच्या कडेनं. उरलेले अकरा धुऱ्यापलीकडे, कोलाम आजोबांच्या तुरीत. का, तर डुकरांची वाट नाल्यातून वर त्यांच्या तुरीत निघते, तिथंच गाठलेली बरी. धुरा ओलांडताना पायाला काहीच लागलं नाही का रे?

ते बाटलीचे गळे पाहिले आणि मी बांधावरच बसलो. काच दुर्वाहक असते हे तुला कुणी शिकवलं? मी. फळ्यावर बॅटरी काढली, बल्ब काढला, परिपथ पूर्ण झाल्याशिवाय वीज वाहत नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तू हात वर करून विचारलंस, "गुरुजी, जमिनीतून पण वाहते का?" सगळ्या वर्गात तो एकच प्रश्न कामाचा होता. मी तुझी पाठ थोपटली. काल रात्री त्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहिलंस. आजोबांच्या बैलाच्या पुढच्या पायाला तार लागली, चारी खूर पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत. परिपथ पूर्ण. दहापैकी दहा गुण घे.

बैल पाहिलास का तू? मी पाहिला. जोडीतला डावा. पायावर जळकी रेघ, बोटाएवढी. दुसरा बैल दावणीला उभा होता आणि मान वळवून रिकाम्या खुंटाकडे बघत होता. पोळा पंधरा दिवसांवर आलाय, डवरणीचा शेवटचा फेर बाकी आहे. एका बैलावर डवरा चालतो का? शेतकऱ्याचा पोरगा आहेस, तूच सांग.

आणि त्या म्हाताऱ्यानं काय केलं असेल? ठाण्यात गेला नाही. शिवी दिली नाही. माझ्या अंगणात येऊन लिंबाखाली टेकला, पाणी प्याला, आणि एवढंच विचारलं: "गुरुजी, तार काढली का? पोरं त्या वाटेनं शाळेत जातात." चाळीस वर्षं शाळेत घालवली मी. इतका वेळ मान खाली घालून कधी बसलो नव्हतो.

आता तुझं बोल. डुकरं मका खातात, हेच ना? खातात. खोटं नाही ते. एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात, खातात कमी आणि मोडतात जास्त. मी स्वतः मचाणावर रात्री काढल्यात, टिनाचा डबा बडवून हाताला घट्टे पडलेत. डुकरांबद्दल मला रानातलं प्रेम शिकवू नकोस आणि मीही तुला शिकवत नाही. पण मका वाचवायला आलेल्या माणसाच्या गाडीत वजनकाटा कशाला लागतो? ओट्यावर बसलेल्या त्या दोघांना विचार. मटणाचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, किलोचा भाव ठरलेला होता. मक्याचं नाव पुढे, पोट मागे. आणि अंधारात टॉर्च घेऊन चार जणांच्या रानातून चालत आलात, तूर तुडवलीत, त्यातल्या एका तरी रानाचा मालक तुम्हाला ठाऊक होता का?

"माझं शेत, माझा पट्टा." हे वाक्य तू मघाशी माझ्या बायकोला ऐकवलंस. पट्टा जमिनीचा असतो, बाबा. जमिनीवरून रात्री जे चालत जातं त्याचा नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला शेत कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही. जंगलात मारा, नाही तर स्वतःच्या अंगणात मारा, शिकार ती शिकारच. आणि "डुक्कर तर सापडलंच नाही" असंही म्हणू नकोस. फास लावणं, सापळा लावणं, मारायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या कायद्यात शिकारच आहे. 2023 च्या एप्रिलपासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आकडा टाकून वीज ओढलीस, तो 2003 च्या वीज कायद्याखाली चोरीचा वेगळा गुन्हा. आणि त्या वाटेनं बैलाच्या आधी शाळेतली एखादी पोरगी आली असती तर? मग सदोष मनुष्यवध. त्या कलमाचा आकडा मी सांगत नाही. तो शोधायची वेळ तुझ्यावर आली नाही, ती त्या बैलाची मेहेरबानी.

डुकरानं खरंच नुकसान केलं तर त्याच कायद्यात वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी वनखात्याचा अधिकारी लेखी देऊ शकतो. अर्ज, पंचनामा, खेटे. वेळ लागतो, मला माहीत आहे. वनखात्याच्या कचेरीतल्या बाकड्यावर मीही बसलोय. पण बाकड्यावर बसून कुणाचा बैल मरत नाही.

सौर कुंपण आणि तुझी तार एकच, असं तुझा तो जाडा दोस्त म्हणाला. त्यालाही मीच शिकवलं, हे माझं दुर्दैव. सौर कुंपणात बॅटरीवरचं यंत्र सेकंदाला एकदाच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, झटका देऊन थांबतं. जनावर दचकतं, मागे सरतं, पळतं. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो, थांबत नाही. स्नायू आखडतात, धरलेली तार हाताला सोडवत नाही. एका अँपिअरचा दहावा भाग छातीतून गेला तरी काळीज बंद पडायला पुरतो. व्होल्ट किती ते विचारू नये, किती वेळ ते विचारावं. हेही मी शिकवलं होतं. त्या दिवशी तो बोरं पाडायला गेला होता.

आणि आता स्टिकर. तुझ्या गाडीच्या मडगार्डवर "जल, जंगल, जमीन" लिहिलंय आणि वर गोंडांच्या कुमरम भीमाचा फोटो. 1940 साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी मारलं त्याला. त्याचं भांडण सुरू कुठून झालं? त्याच्या घरच्यांनी कसलेल्या रानावर दुसऱ्यानं येऊन हक्क सांगितला, तिथून. आणि तू त्याचा फोटो लावून एका कोलामाच्या तुरीत अकरा खुंट ठोकतोस. गाडी धुताना तो स्टिकर आधी खरवडून काढ.

"गोंड-कोलाम पण करतातच की शिकार." त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. त्यांची पारध कशी असायची ते त्या आजोबांना विचार. गाव मिळून निघायचं, देवाला विचारून निघायचं, वाटे सगळ्यांचे पडायचे. आज कायद्यानं तीही बंद आहे, आणि ते ती बंदी पाळतात. तुझ्या शिकारीत देव कुठं आहे? वजनकाट्यावर?

एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. माझे आजोबा परभणीकडून इथं आले, तुझे पणजोबा त्यांच्याच गाडीत बसून. किनवट आणि राजुरा तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, ते मराठीकडं गेले आणि आपण तेलुगूकडं राहिलो. मराठी शाळा राहिली, पोळा राहिला. या लोकांनी आपल्याला पाणी दिलं, सावली दिली. उटनूरच्या रानात कागद कुणाचा आणि वहिवाट कुणाची, तो हिशेब उकरायला बसलो तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना घाम फुटेल. तेव्हा धुऱ्याची मिजास आपण तरी दाखवू नये.

2024 च्या ऑक्टोबरात किनवटकडून एक वाघ निघाला होता, आठवतं? जॉनी म्हणायचे त्याला. वाघीण शोधत बोथवरून, निर्मळच्या रानातून, नागपूर-हैदराबादचा हमरस्ता ओलांडून इकडं उटनूरच्या शिवारात आला. कितीतरी धुरे ओलांडले असतील त्यानं. तुझ्यासारखा एक जरी वाटेत भेटला असता तर तिथंच संपला असता. चंद्रपूरकडं 2017 साली तेच झालं. उमरेडच्या जय वाघाचा बच्चा श्रीनिवास, नागभीडजवळ शेताच्या तारेला चिकटला. डुकरासाठीच लावलेली तार. शेतकऱ्यानं घाबरून वाघ शेतातच पुरला, आणि वनखात्यानं उकरून काढला. त्यालाही वाघ मारायचा नव्हता. तार विचारत नाही, "आपण कोण?"

हसू नको. ओट्यावरचा, तूही.

आता काय करायचं ते ऐक. आकडा उतरवायला लाइनमनला मीच फोन केलाय. तू हात लावायचा नाहीस, विजेतली तुझी हुशारी पाहिली मी. तार गुंडाळून माझ्या ओट्यावर आणून टाकायची. अकरा भोकं बुजवायची, तुरीची मोडलेली झाडं मोजायची. तुझ्या गोठ्यातला डावा बैल हंगाम संपेपर्यंत त्यांच्या दावणीला बांधायचा, आणि मेलेल्या बैलाचे पैसे बाजारभावानं द्यायचे. भाव तू ठरवायचा नाहीस, ते दोघे तर नाहीच. पंचांसमोर ठरेल. त्यांनी पोलिसात जायचं म्हटलं तर मी सोबत जाणार आहे, त्यांच्या बाजूनं. तुझे वडील असते तर तेही गेले असते.

ऊठ. बैल सोड आणि जा आत्ताच, उजेड आहे तोवर. तुरीतून नको जाऊस. रस्त्यानं जा, लांब पडलं तरी. त्यांच्या काट्याच्या झापापाशी थांब, बाहेरूनच हाक मार, आणि ये म्हटल्यावर आत जा.