एक कौल

नव्या भाडेकरूला किल्ली देण्याआधी मी चहा करते आणि ही गोष्ट सांगते. भाड्याचं घर राहणाऱ्यानं आणि मालकानं, दोघांनीही आपलं मानायचं असतं, एवढंच मला त्यातून सांगायचं असतं.

खानापुरात एक जोडघर होतं. एकच आढं, मध्ये एकच मातीची भिंत, वर मंगळुरी कौलं. मालक बेळगावला राहायचा. महिन्याला भाडं घ्यायला यायचा आणि उंबऱ्यावरूनच परत जायचा. डावीकडे एक मास्तर राहत, उजवीकडे एक कारकून. भाडं दोघांना सारखंच.

रोहिणी निघाली की मास्तर शिडी लावत. पन्हळीतला पालापाचोळा काढत, सरकलेली कौलं बसवत, फुटकं असेल ते बदलत. खानापूरच्या तांबड्या मातीतून कौलं, विटा, मडकी पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. कुंभारकाम शिकवणारी खादी-ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय संस्थाही याच गावात. तेव्हा बदलीचं कौल मिळायला अडचण नव्हती. मग मोरी घासायची, जोत्यावर चढलेली वाळवीची माती खरवडायची. खर्चाची चिठ्ठी मास्तर भाड्याबरोबर देत आणि मालक कुरकुरत का होईना, तेवढे पैसे वजा करी.

एका उन्हाळ्यात वानरं छपरावरून उड्या मारत गेली आणि उजवीकडचं एक कौल तडकलं.

"अहो, वरनं उजेड दिसूलाय," कारकुनाची बायको म्हणाली.

"भाड्याचं घर की. मालक बघतील."

मालकाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "राहता तुम्ही. ज्याला गळतं त्यानं बघावं."

खानापूरचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. कणकुंबीकडून ढग उतरतात, मलप्रभा फुगते, आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. कारकुनानं गळतीखाली घमेलं ठेवलं आणि तो निर्धास्त झाला. पण सगळं पाणी काही घमेल्यात पडत नव्हतं. थोडं रिपेवरून ओघळत वाशात आणि वाशातून भिंतीत मुरत होतं. दुसऱ्या पावसाळ्यात रीप कुजली. मंगळुरी कौलं एकमेकांत अडकून बसलेली असतात. एक निसटलं की शेजारचंही उघडं पडतं. ओल्या लाकडाला वाळवी लागली. तिसऱ्या वर्षी आषाढात, मध्यरात्री, मधली भिंत ढासळली.

ती पडली मास्तरांच्या अंगणाकडच्या खोलीत. मुलं त्या रात्री थंडीमुळे चुलीपाशी निजली होती, म्हणून वाचली. मास्तरांची पुस्तकं, अंथरुणं, वर्षाचे तांदूळ चिखलात गेले. इथवर आले की माझा आवाज दरवेळी कापतो.

सकाळी गल्ली जमली. मालक कारकुनाला बोलला, कारकून मालकाला. गल्लीतल्या म्हाताऱ्या वकिलांनी दोघांना थांबवलं. "1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 108 वं कलम आहे," ते म्हणाले. "वेगळा करार नसेल, तर भाडेकरूनं घर घेतलं तसं राखायचं, नेहमीची झीज सोडून. आणि मालकाकडची दुरुस्ती त्यानं कळवूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरूनं करून घ्यावी, खर्च भाड्यातून वळता करावा. मास्तर इतकी वर्षं तेच करत होते."

मास्तर चिखलातून वह्या वेचत होते. ते वर न बघता म्हणाले, "माझंही चुकलं. दर रोहिणीत शिडीवरून मला ते कौल दिसायचं. हात पोचत होता. पलीकडचं आहे म्हणून मी लावला नाही."

त्यानंतर कुणी आवाज चढवला नाही. मालकानं कोट काढून खुंटीला लावला आणि घमेलं उचललं. कारकुनानं फावडं घेतलं.

गोष्ट संपते तोवर चहा संपलेला असतो. मग मी किल्ली देते आणि मागच्या पडवीत रचलेली वीस कौलं दाखवते. शिडी दोन घरांच्या मधल्या बोळात असते. तिला कुलूप नाही.