खाडाखोड कुणाची?

चुकलेलं गणित वर्गाला दाखवावं की नाही? दाखवलं तर एकाच्या चुकीतून चाळीस जण शिकतात. पण ज्याची चूक, त्याची मान खाली जाते. चाळिसांच्या भल्यासाठी एकाला दुखवायचा अधिकार शिक्षकाला आहे का?

मी बेळगावात सातवीला गणित शिकवते. ३/४ आणि १/५ यांची बेरीज सांगितली की कुणीतरी ४/९ लिहितंच. वरचे वर मिळवले, खालचे खाली. हीच चूक मी फळ्यावर लिहिली तर ती बनवलेली दिसते. पोराच्या वहीत ती जिवंत असते. आधी छेद २० लिहिलेला, मग खोडलेला, मग ९. विचार कुठं वळला ते त्या खोडण्यातच दिसतं.

अशी पानं पडद्यावर दाखवता यावीत म्हणून मी एक साधं वेबपान तयार केलं. थोडं एचटीएमएल, थोडी जावास्क्रिप्ट, बस्स. जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर वही धरली की चित्र उमटतं. इंटरनेट लागत नाही. चित्र ब्राउझरच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं. पान बंद केलं की गेलं.

पान लिहायला सोपं होतं, त्याचे नियम ठरवायला अवघड. नाव झाकलं की झालं, असं कुणीही म्हणेल. पण वर्षभर एका बाकावर बसलेली पोरं अक्षरावरून माणूस ओळखतात. कुणाची शिरोरेघ चढत जाते, कुणाचा तीन आडवा पडतो. हातच्या लिखाणात अक्षर हेच नाव असतं.

मग विचारावं, "दाखवू का रे?" पण बाईंनी चारचौघांत विचारल्यावर 'नको' म्हणणारं पोर किती सापडणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना मूल मानलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीय. ते योग्यच. पण पालकांच्या सहीनं पोराची लाज कमी होत नाही.

म्हणून पानावर दोन बटणं ठेवली : 'दाखवा' आणि 'नको'. लॅपटॉप कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. प्रत्येकानं जायचंच, वही धरायची आणि एक बटण दाबायचं. 'नको' म्हटलं की चित्र तिथल्या तिथं पुसलं जातं. मग 'दाखवा'मधली चार पानं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली जातात आणि पडद्यावर येतात. ज्याचं पान आलं नाही त्यानं नकार दिला, असं मलाही म्हणता येत नाही. नकार फुकट असेल, तरच होकाराला अर्थ.

त्यातही एक मेख आहे. ४/९ लिहिणाऱ्याला आपलं चुकलंय हे ठाऊकच नसतं. त्याचा होकार कितपत खरा? म्हणून आधी बरोबर उत्तर फळ्यावर येतं, बटणं त्यानंतर.

एक सहकारी म्हणाले, "बाई, सगळी पानं साठवून ठेवा की. पोर कुठनं कुठं आलं ते वर्षाअखेर कळेल." मुद्दा खोटा नाही. पण ते काम वही करतेच, आणि वही पोराच्या दप्तरातनं घरी जाते. ठेवायची की रद्दीत घालायची, ते त्याचं घर ठरवतं. साठवलेल्या चित्राची प्रत कुठं कुठं जाईल, कोण सांगणार? आमच्या घरी अपरिग्रह म्हणजे धान्य, कपडे, दागिने यांना मर्यादा. त्या यादीत दुसऱ्यांच्या चुकाही धरायला हव्यात असं मला वाटतं.

याची किंमत आहे. रोज 'नको' दाबणारं पोर या पानातून मला दिसत नाही, आणि कदाचित मदतीची गरज त्यालाच जास्त. त्याच्यासाठी वह्यांचा गठ्ठा मी पूर्वीसारखाच घरी आणते. दाखवणं सगळ्यांसाठी असतं, तपासणं एकासाठी. ही दोन कामं एकाच यंत्राला देऊ नयेत.

आणि फळ्यावर बरोबर उत्तर दिसत असताना, आपलं चुकलंय हे कळूनही काही पोरं 'दाखवा' दाबतात. पडद्यावर ४/९ येतं तेव्हा मला ते समजतं. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नसतं. त्या तासाला अपूर्णांकांपेक्षा मोठं काहीतरी ती शिकलेली असतात, आणि ते मी शिकवलेलं नसतं.