एकाच माणसाने दोनदा ठेवलेला विश्वास

आजचे वाचन: योहान ४:४६-५४



आजच्या नऊ वचनांत एक गोष्ट घाईत वाचताना सहज सुटते. त्या अंमलदाराने विश्वास ठेवला, असं योहान दोनदा लिहितो. एकदा ५०व्या वचनात आणि पुन्हा ५३व्या वचनात. मग पहिला विश्वास खोटा होता का? चला, नीट पाहू या.

हा माणूस राजाच्या पदरी होता. नोकरचाकर, ओळखी, सगळं होतं. पण कफर्णहूमात त्याचा मुलगा तापाने मरणाला टेकला होता. म्हणून बाप २५-३० किलोमीटरची वाट तुडवत डोंगराळ भागातल्या काना गावी आला आणि खाली सरोवराकाठच्या आपल्या घरी चलण्यासाठी प्रभूला विनवू लागला. प्रभू गेला नाही. मुलगा जगणार आहे, तू जा, एवढंच त्याने सांगितलं.

आणि तो निघाला! सोबत येशू नाही, औषध नाही. घरी फोन करून ‘ताप उतरला का?’ असं विचारायची सोय नाही. जवळ फक्त प्रभूचा शब्द. वाटेत चाकर भेटले, तेव्हा ताप ‘काल’ सातव्या ताशी, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास उतरल्याचं कळलं. शब्द ऐकल्यापासून पुरावा मिळेपर्यंत कितीतरी तास गेले होते, आणि तेवढा वेळ तो चालत होता.

जुने धर्मशिक्षक विश्वासाचे तीन भाग सांगत: ज्ञान, मान्यता आणि भरवसा. दादरला उभं राहून ही गाडी विरारला जाते हे माहीत असतं, पटलेलंही असतं; पण गाडीत चढल्याशिवाय कुणी विरारला पोहोचत नाही. याकोब तर म्हणतो की देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात (याकोब २:१९). त्यांचं ज्ञान अचूक आहे, पण ती स्वतःला त्याच्या हाती सोपवत नाहीत. हा बाप मात्र शब्दावर भरवसा ठेवून चालू लागला. त्याचा पहिला विश्वास खराच होता.

मग दुसऱ्यांदा का? पहिल्या वेळी त्याने मुलासाठी विश्वास ठेवला. दुसऱ्या वेळी मुलगा बरा झाला होता, मागायचं काहीच उरलं नव्हतं. तेव्हा तो आणि त्याचं सगळं घराणं येशूचं झालं. बरा झालेला मुलगाही एक दिवस मरणारच होता ना! पापांची क्षमा, देवाशी समेट आणि सार्वकालिक जीवन ताप उतरण्याहून कितीतरी मोठं आहे.

आपल्या पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. एवढं मोठं काम! तरी त्या आपल्या साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मग जशा होत्या तशा त्या त्याच्याकडे आल्या.

मित्रांनो, आपण नोकरीसाठी, व्हिसासाठी, आईच्या रिपोर्टसाठी प्रार्थना करतो. जरूर करा, प्रभूने त्या बापाला हाकलून दिलं नाही. पण उत्तर मिळालं की आपण त्याला विसरतो, आणि नाही मिळालं की रुसून दूर जातो. दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो: मला त्याच्याकडून काहीतरी हवंय, की तोच हवाय?

आणि ज्यांच्या घरी ताप उतरला नाही, त्यांना एक सांगतो. तुमचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हटलं, तर ते मनाला लावून घेऊ नका. पौलाने तीनदा विनवलं, तरी त्याचा काटा निघाला नाही. मिळाली ती पुरेशी कृपा (२ करिंथ १२:८-९). तारण विश्वासाच्या वजनावर तोलून मिळत नाही. ते देवाचं दान आहे (इफिस २:८-९), आणि विश्वास म्हणजे ते घेण्यासाठी पुढे केलेले रिकामे हात. ते थरथरत असले तरी चालतील.

आजच्या मननासाठी: माझी सगळी मागणी पूर्ण झाली, तर उद्या सकाळी मी प्रभूकडे कशासाठी येईन?

प्रार्थना: प्रभू येशू, तुझ्याकडे मागायला आलो होतो, आता तुझा व्हायला आलो आहे. माझ्या पापांची क्षमा कर. पुरावा दिसत नाही तेव्हाही तुझ्या शब्दावर चालायला मला शिकव. आमेन.