कर्ण जुळले म्हणून आयत होत नाही

दांडी, उच्छेळी, नवापूर ही पालघर तालुक्यातली किनाऱ्याची गावे. पूर्वेला बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला अणुवीज केंद्र. या पट्ट्यात मासेमारीला बंदी असते, कारखान्यांत कामगारकपात होते, पण बांधकाम सहसा थांबत नाही. जुनी कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे होतात, चाळींना चाळी जोडल्या जातात. पाया खणण्याआधी गवंडी आखणी करतो. चार खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, समोरासमोरच्या बाजू सारख्या भरतात का पाहतो. मग कोनाकोनी टेप लावतो. दोन्ही मापे सारखी आली की काम गुण्यात आहे असे ठरते आणि फक्की पडते.

आता नववीच्या वर्गात विचारा, आयताचे कर्ण कसे असतात? मागच्या बाकावरूनही उत्तर येईल, एकरूप असतात. उत्तर बरोबर आहे, पण गवंडी हे विधान वापरतच नाही. त्याच्याकडे आयत अजून झालेला नाही, तो त्याला करायचा आहे. त्याच्या हातात आहेत ते समान कर्ण, आणि त्यांवरून त्याला आयतापर्यंत पोहोचायचे आहे. म्हणजे वाटचाल उलटी आहे. आणि ते उलटे विधान, ज्या चौकोनाचे कर्ण समान तो आयत, हे सरळसरळ खोटे आहे.

खोटेपणा दाखवायला प्रमेय लागत नाही, एक आकृती लागते. पुढची बाजू १० फूट, मागची १४ फूट, दोन्ही एकमेकींना समांतर, मधले अंतर ९ फूट, डावी-उजवी बाजू सारखी कलती. हा समद्विभुज समलंब चौकोन. याचे दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट भरतात. आणि १२ फूट गुणिले ९ फुटांच्या चोख आयताकृती खोलीचे कर्णही १५ फूटच! नुसत्या कोनाकोनी मापावर विसंबणाऱ्याला दोन्ही खोल्या सारख्याच वाटतील. फरशी बसवणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी फरक कळेल.

मग गवंड्याचे चुकते का? नाही. त्याने आधी समोरासमोरच्या बाजू मोजल्या आहेत. ती मापेही एकटी पुरत नाहीत. बाजू सारख्या ठेवून चौकोन तिरका ढकलता येतोच, कडी नसलेल्या खाटेसारखा. दोन्ही तपासण्या एकत्र आल्या तरच आयत ठरतो. का ठरतो, हे नववीच्या मुलाला चार ओळींत दाखवता येते. चौकोन अबकड घ्या. समोरासमोरच्या बाजू समान, म्हणून तो समांतरभुज. त्रिकोण अबक आणि त्रिकोण बअड यांत अब ही बाजू सामाईक, बक आणि अड समान, अक आणि बड हे कर्ण समान. बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप. म्हणून अ आणि ब जवळचे कोन समान. पण अड आणि बक समांतर असल्याने त्या दोन कोनांची बेरीज १८० अंश. तेव्हा प्रत्येक कोन ९० अंशांचा.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की, माध्यमिक शाळेतल्या भूमितीत मुलाला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा विचारायला हवा तो प्रश्न आहे: हे उलट बाजूनेही खरे आहे का? म्हणजे व्यत्यास. आज तो पाठ्यपुस्तकात आहे आणि वर्गात नाही.

पुस्तकाला दोष देता येणार नाही. बालभारतीच्या २०१७च्या नववीच्या पुस्तकात, गणित भाग २ मध्ये, पहिल्याच प्रकरणात सशर्त विधाने आणि त्यांचे व्यत्यास दिलेले आहेत. पुढे लंबदुभाजकाचे प्रमेय आणि त्याची उलट बाजू येते. दहावीच्या २०१८च्या पुस्तकात पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे, चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. अडचण अशी की पहिले प्रकरण जूनमध्ये येते. शाळा नुकती सुरू झालेली, पुस्तके पुरती हातात आलेली नाहीत, पाऊस. दोन तासांत ‘जर’ आणि ‘तर’ची अदलाबदल शिकवून होते आणि वर्षभरात तिची आठवण कोणी काढत नाही. व्यत्यास पुन्हा भेटतात ते सुटे सुटे, पाठ करायची आणखी प्रमेये म्हणून. एकाच विधानाच्या दोन बाजू तपासायच्या आहेत, त्यांतली एक कदाचित ढासळेल, ही धास्ती वर्गात येतच नाही. धास्ती नसेल तर सिद्धता कशाला हवी? सर सांगतात ते खरेच असते, मग ते आणखी खरे करायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे मुलाच्या मनात येते. त्याचे फारसे चुकत नाही.

मंडळाच्या परीक्षेने यात भर घातली आहे. गणित भाग २ची लेखी परीक्षा ४० गुणांची. तिच्यात कृती पूर्ण करण्याचे प्रश्न असतात, म्हणजे सिद्धता छापलेली आणि मधल्या चौकटी रिकाम्या. कच्च्या मुलाला यामुळे हात मिळतो हे खरे आहे आणि त्या सोयीची टिंगल करणे मला योग्य वाटत नाही. पण चौकट भरणाऱ्याला कुठून निघायचे आणि कुठे पोहोचायचे, हे आधीच ठरवून दिलेले असते. पक्ष कोणता आणि साध्य कोणते याची चूक करण्याची संधीच त्याला मिळत नाही, आणि भूमितीतली सर्वांत शिकवणारी चूक तीच आहे.

ही चूक मुले का करतात, हेही पाहायला हवे. आपण रोजच्या बोलण्यात ‘जर-तर’ दुहेरी अर्थानेच वापरतो. गृहपाठ केलास तर खेळायला सोडीन, असे आई म्हणते तेव्हा नाही केलास तर सोडणार नाही हे न बोलता ठरलेले असते. मूल ही सवय घेऊन वर्गात येते आणि प्रमेयही तसेच ऐकते. पण किनाऱ्यावरच्या मुलाला दुसरीही एक सवय असते. धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला तर होड्या बंदरात राहतात, हे दांडीतल्या पोराला माहीत असते. म्हणून होड्या बंदरात दिसल्या की तो बावटा लागला असे म्हणत नाही. इंजिन बिघडले असेल, भांगाची भरती असेल, डिझेल संपले असेल, कुणाच्या घरी हळद असेल, नाहीतर १ जून ते ३१ जुलैची बंदीच चालू असेल. तर्काची ही जाण त्याच्यापाशी आहे. ती चौकोन-त्रिकोणांपर्यंत आणण्याचे काम शिक्षकाचे.

इथे परिसरातून शिक्षण या घोषणेबद्दल बोलणे भाग आहे, कारण या जिल्ह्यात तिला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली याच किनाऱ्यावर बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी जे केले, त्यातून शंख, शिंपले, बिया, पाने ही शिकण्याची साधने म्हणून मान्य झाली. लहान मुलांसाठी ते थोरच काम होते. पण नववी-दहावीच्या भूमितीत तीच पद्धत जशीच्या तशी आणली की तिचे सजावटीत रूपांतर होते. वारली चित्राचे तक्ते गणित कक्षात लागतात: माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण, सूर्य म्हणजे वर्तुळ, देवचौक म्हणजे चौकोन, ओळखा पाहू. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या रेषेत जे आहे ते पाहायला डोळा लागतो, आणि तो चित्रकलेच्या तासाला तयार व्हावा. त्रिकोण ओळखणे पहिलीत होऊन गेले आहे. ते नववीत पुन्हा करायला लावणे म्हणजे मुलाच्या संस्कृतीचा मान राखल्यासारखे दाखवून त्याच्या बुद्धीला कमी लेखणे आहे.

डच शिक्षक पीएर व्हान हीले आणि दीना व्हान हीले-गेल्डोफ या जोडप्याने १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाचे टप्पे मांडले. आधी आकार नुसता दिसतो, मग त्याचे गुणधर्म दिसतात, मग गुणधर्मांचे एकमेकांशी नाते लागते आणि त्यानंतर कुठे औपचारिक सिद्धता. त्यांचे निरीक्षण असे की शिक्षक वरच्या टप्प्यावरून बोलत असेल आणि मूल खालच्या टप्प्यावर असेल, तर दोघे तेच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत. चौरस हा आयत आहे का, यावर आठवीच्या वर्गात होणारा गोंधळ याच जातीचा.

यावरून कोणी म्हणेल, आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांना भागाकार नीट जमत नाही, तुम्ही व्यत्यास कसले मागता? मला नेमके उलटे वाटते. सिद्धता लिहिणे अवघड, विधान मोडणे सोपे. कर्ण परस्परांना लंब असतील तर चौकोन समभुज असतो, असे फळ्यावर लिहा आणि कोणालाही मोडायला बोलवा. ज्या मुलीला पक्ष-साध्य कधी लिहिता आलेले नाही, ती पतंग काढून विधान मोडू शकते. आकृती काढता येणे एवढेच भांडवल पुरते. मग पुढचा प्रश्न: आणखी काय सांगितले तर हे मोडणार नाही? कर्ण परस्परांना दुभागतात असे सांगितले तर? आता वर्ग एक प्रमेय शोधतो आहे, आणि त्याची सिद्धता मागण्यात अर्थ आहे, कारण आधीचे विधान नुकतेच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेले आहे. यासाठी ना प्रोजेक्टर लागतो ना प्रशिक्षण शिबिर.

पायथागोरसच्या बाबतीत तर गोष्ट फार जुनी आहे. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरच्या चौरसाबद्दलचे विधान आहे आणि ३ व ४, १२ व ५, १५ व ८ अशा बाजूंच्या जोड्याही दिलेल्या आहेत. विधान सरळ बाजूचे. पण वेदी आखणारा खुणा केलेली दोरी ताणून काटकोन मिळवत असे, तेव्हा तो उलटी बाजू वापरत होता. बोईसरचा गवंडी ३-४-५ लावतो तेव्हा तोही तेच करतो. युक्लिडने मात्र दोन्ही बाजू वेगळ्या सिद्ध केल्या. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातले ४७वे विधान पायथागोरसचे, आणि ४८वे, शेवटचे, त्याचा व्यत्यास.

इथे एक आडवळण घेतो, कारण शाळेत हे कोणी सांगत नाही. ३-४-५ फुटांनी काटकोन काढताना कर्णाच्या मापात १ इंचाची चूक झाली तर कोन सुमारे २ अंशांनी बिघडतो. तेच ९-१२-१५ फुटांनी काढले तर तेवढ्याच चुकीने दोनतृतीयांश अंशाच्या आसपासच फरक पडतो. जागा असेल तर मोठा त्रिकोण ताणावा, हे कामावरचे शहाणपण आहे आणि त्यामागे गणित आहे. प्रमेय सांगते की माप अचूक असेल तर कोन अचूक. माप किती चुकले तर किती बिघडेल, हा वेगळा प्रश्न. दोन्ही वर्गात यावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत. कागद कापून, कोनमापकाने मोजून बेरीज १८० आली म्हणून प्रमेय सिद्ध झाले, असे सांगणारे प्रयोग ही मिसळ रोज करतात.

समुद्रावरही दोन्ही बाजू लागतात. जीपीएस येण्याआधी किनाऱ्यावरची पुढची खूण मागच्या खुणेवर आली की होडी त्या रेषेवर आहे असे धरत. अशा दोन रेषा जुळल्या की जागा पक्की. रेषेवर असाल तर खुणा जुळतात, खुणा जुळल्या तर रेषेवर असता. दोन्ही खरे, म्हणून तर ही रीत चालते. खडकाळ किनाऱ्याशी जहाजे दोन खुणांमधला कोन मोजून ठरावीक कोनापेक्षा तो मोठा होऊ देत नाहीत, कारण समान कोन देणारे बिंदू एकाच वर्तुळकंसावर येतात. हा अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. वर्गात करून पाहायला दोन खिळे आणि कंपासपेटीतला गुण्या पुरतो. दोन्ही कडा खिळ्यांना टेकवून गुण्या सरकवत न्या आणि काटकोनाच्या टोकाशी पेन्सिल धरा, अर्धवर्तुळ उमटते.

दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरी त्यांचे वजन सारखे नसते. व्युत्क्रम कोन समान तर रेषा समांतर, हे युक्लिडने समांतर रेषांच्या पाचव्या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केले. रेषा समांतर तर व्युत्क्रम कोन समान, यासाठी मात्र त्याला ते गृहीतक वापरावेच लागले. दोन हजार वर्षे माणसांनी ते गृहीतक सिद्ध करण्याची धडपड केली. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोयाय यांनी ते न मानणारी भूमिती उभी केली. तिच्यात पहिली बाजू टिकते, दुसरी पडते. नववीचे मूल ही दोन विधाने एकाच पानावर एकाच सुरात पाठ करते.

परीक्षेत याला जागा करायची तर अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत पाचवा प्रश्न ३ गुणांचा असतो, थोडा विचार करायला लावणारा. तिथे एवढेच विचारावे: समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते. आता दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४ आहे आणि एकाची एक बाजू दुसऱ्याच्या एका बाजूच्या दुप्पट आहे. ते समरूप असतीलच का? नसल्यास आकृती काढा, आणि असलेच पाहिजेत असे वाटत असल्यास कारण लिहा.