न दिसणाऱ्या इजेचा हिशेब

क्ष-किरणांच्या आमच्या कामात आता एक चूक अशी आहे, की ती केल्यावर चित्र बिघडत नाही, उलट सुधारतं. फिल्मच्या काळात असं नव्हतं. एमएएस, म्हणजे किरणांची मात्रा, जास्त लावला की डेव्हलपरमधून फिल्म काळीकुट्ट निघायची आणि ती कोणी काढली हे साऱ्या विभागाला कळायचं. डिजिटल यंत्रणेत तो काळेपणा कॉम्प्युटर परस्पर सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार दिसतं आणि डॉक्टर तक्रार करतात. दुप्पट दिले तर चित्र गुळगुळीत येतं, कोणीच तक्रार करत नाही. मग कोणीही न ठरवता डोस हळूहळू वर सरकत राहतो. किती किरण पडले हे सांगणारा एक्सपोजर इंडेक्सचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात असतो, पण तो वाचायची सवय हवी.

किरणांचा झोत हवा तेवढ्याच भागापुरता आवळणाऱ्या कोलिमेटरचंही तेच. लहान मुलाच्या छातीचा एक्स-रे आहे, पण मूल हलेल, कडा सुटेल या धास्तीने माझे विद्यार्थी त्याचं शटर हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत उघडं ठेवतात आणि नंतर माऊसने चित्र कापून चौकोन नेटका करतात. रेडिओलॉजिस्टकडे नीटस छाती पोचते. पोटातून गेलेले किरण मात्र कापून काढता येत नाहीत.

यावर दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, “मॅडम, पेशंटला काही झालं नाही, पुढे झालं तरी ते यामुळे झालं हे कुणालाच कळणार नाही. मग मी नेमकं कुणाचं वाईट केलं?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळाची नियमावली तिला पाठ होती: आमच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही. पेशंटसाठी अशी मर्यादाच नाही, हेही तिला ठाऊक होतं. पेशंटच्या बाबतीत नियम विचारतो ते इतकंच, की हा एक्स-रे लागतोय का, आणि लागत असेल तर कमीत कमी किरणांत होईल का. उत्तर द्यायचं आम्ही.

तिच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, ही खरी अडचण आहे. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस एका मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी. माती, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाच्या सीटी स्कॅनला साधारण 10 धरले, तर प्रचलित अंदाजाने जिवावर बेतणाऱ्या कॅन्सरचा धोका सुमारे 2000 जणांत एकाचा. इतक्या कमी डोसला तो धोका सरळ रेषेत मोजावा का, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. आणि तो एक जण कोण, हे तर कधीच कळत नाही. कॅन्सर कुठून आला याची खूण अंगावर ठेवून येत नाही.

क्ष-किरण वापरणाऱ्या पहिल्या पिढीला इजा दिसत होती. राँटगेनने लावलेला या किरणांचा शोध 1895 सालचा. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली त्या किरणांनी हात गमावून 1904 मध्ये गेला. हॅम्बुर्गमध्ये अशा हुतात्म्यांचं स्मारक 1936 पासून उभं आहे. पुढे 1950 च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी कॅन्सरने मुलं गमावलेल्या आयांना विचारत विचारत एक माग काढला: गरोदरपणात पोटाचा एक्स-रे झालेल्यांमध्ये मुलांचा कॅन्सर जास्त होता. बरीच वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही. इजा एव्हाना डोळ्यांना दिसण्यापलीकडे गेली होती.

मी शिरोळ तालुक्यातल्या मराठी जैन घरातली. माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि गाळण्यावर उरलेलं पाणी परत त्याच विहिरीत, वरून न ओतता, खाली सोडायची. त्यातला एकही जीव तिने कधी पाहिला नव्हता. आमच्या विषयासाठी मला आजीचं ते पाणी गाळणं सर्वांत जवळचं वाटतं. जो दिसत नाही, ज्याची तक्रार येणार नाही, त्याच्यासाठी हाताची रीत बदलायची.

जैन परंपरेने हिंसेचा विचार याच टोकाला नेला आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. आचार्य कुंदकुंद तर स्पष्ट सांगतात, की बेसावध चालणाऱ्याला हिंसा लागलीच, जीव मरो वा न मरो; आणि पाहून, जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव आला तरी तो कर्माने बांधला जात नाही. माझ्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितलं. परिणाम शोधून मग दोषी ठरवायचं, ही कोर्टाची पद्धत. आमच्या कामात परिणाम कधी हाती लागणारच नाही, म्हणून हिशेब बटण दाबायच्या आधीच्या क्षणाचा. शटर उघडं ठेवताना तू पाहत होतीस की नव्हतीस?

श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे: ज्यातून काहीच साधत नाही अशी हिंसा सोडणं. प्रपंचात थोडी हिंसा होणारच, हे ती परंपरा मान्य करते. निष्कारण ती नको. “जुनी फिल्म घरी राहिली, नवीनच काढा” म्हणणाऱ्या पेशंटला घरी फोन करून ती मागवायला सांगणं, कालच झालेला एक्स-रे वॉर्ड बदलला म्हणून पुन्हा लिहिला असेल तर डॉक्टरांना विचारणं, ही माझ्या मते त्या व्रताचीच कामं आहेत. विचारायला धाडस लागतं. आमच्या मुलांना डॉक्टरांसमोर तोंड उघडायची सवय नसते, आणि ती सवय लावणं मी अभ्यासक्रमाचा भाग मानते.

पण हे उत्तर मला स्वतःला पुरत नाही. मुनी जपून चालतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर मुख्यतः स्वतःचा आत्मा असतो, आपल्याला कर्म चिकटू नये ही काळजी. माझ्या विद्यार्थ्याने स्वतःचं खातं स्वच्छ ठेवायला सावध राहावं, हे मला मान्य नाही. टेबलावर कोणी तरी आहे. तिला बघायचं आहे.

बघणं म्हणजे काय, हे मी त्यांना बारीकसारीक गोष्टींतून शिकवते. “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारू नका. ऐकू न येणारी आजी त्यालाही मान हलवते, आणि शेजारच्या बाकावरच्या बाईचा एक्स-रे तिच्या नावावर जातो. “आजी, तुमचं नाव सांगा” असं विचारा, वय विचारा, कागदाशी ताडा. छातीवर आलेली वेणी फुफ्फुसात डाग दाखवू शकते, म्हणून ती वर बांधायला सांगा, पण ओढू नका. मंगळसूत्र काढायला एखादी काकू तयार नसते. ते ट्रेमध्ये टाकू नका, बरोबर आलेल्या लेकीच्या हातात द्यायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. आणि पोटाच्या एक्स-रेआधी “लग्न झालंय का?” हा प्रश्न आमच्याकडे सर्रास विचारला जातो, तो मी बंद केला आहे. त्याने गर्भाविषयी काही कळत नाही. मुलीला फक्त खोटं बोलायला लागतं किंवा शरमायला. नातेवाइकांना बाहेर बसवा, दार लावा, “ताई, मागची पाळी कधी आली होती?” एवढं सरळ विचारा.

माझ्या त्या उत्तरात आणखी एक उणीव आहे. सद्भावनेला ज्ञानाची जोड नसेल तर तीही इजा करते. कित्येक वर्षं आम्ही लहान मुलांच्या जांघेवर शिशाचं कवच ठेवत आलो. ती काळजीची खूण होती. 2019 मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हा रिवाज सोडायला सांगितलं. कवच हाड झाकतं, मग एक्स-रे पुन्हा काढावा लागतो; ते आपोआप एक्सपोजर ठरवणाऱ्या सेन्सरवर आलं तर यंत्र उलट जास्त किरण सोडतं. शरीरात विखुरलेले किरण त्याने अडत नाहीतच. सम्यक ज्ञान हे जैनांच्या त्रिरत्नांतलं एक रत्न आहे, आणि वाईट वाटलं तरी पुराव्यापुढे हाताची सवय बदलणं हे त्यातच येतं. उलट, पाठीचा कणा वाकलेल्या वाढत्या मुलीचा एक्स-रे समोरून न घेता पाठीकडून घेतला, तर छातीला जाणारा डोस खूप घटतो. खर्च काही नाही, माहीत मात्र पाहिजे.

तीच विद्यार्थिनी काही महिन्यांनी कॅज्युअल्टीत होती. अपघातात सापडलेली बाई आली, पाच महिन्यांची गरोदर, श्वास घ्यायला त्रास. छातीचा एक्स-रे लिहिलेला. मुलीने नकार दिला. बाळाला इजा करणार नाही म्हणाली. माझेच शब्द तिने मला ऐकवले. मी तिला आकडे पुन्हा बघायला लावले: छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत जेमतेम 0.01 मिलिग्रे पोचतात, आणि जन्मजात व्यंगाची चिंता 100 मिलिग्रेच्या आसपास सुरू होते. बरगडी मोडून फुफ्फुसाभोवती हवा साठली असेल आणि ती वेळेत दिसली नाही, तर आई आणि बाळ दोघंही जातील. तिने शटर छातीपुरतं आवळलं. बाईच्या नवऱ्याला बाजूला घेऊन डोस किती कमी आहे आणि एक्स-रे का काढायचा ते समजावलं, मग बाईलाही सांगितलं. बाई म्हणाली, “बाळाला काही होणार नाही ना?” मुलीने “काहीच नाही” असं म्हटलं नाही. धोका फारच थोडा आहे, न काढण्यात तो जास्त आहे, असं म्हणाली आणि श्वास रोखायला सांगितला.