रिकाम्या खिशातला हात

चोराने खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला. चोरी झालीच नाही, मग गुन्हा कुठला? 1860 च्या भारतीय दंड संहितेने कलम 511 च्या उदाहरणातच याचं उत्तर देऊन ठेवलं होतं: खिसा रिकामा असला तरी तो चोरीचा प्रयत्नच. आजच्या भारतीय न्याय संहितेत, कलम 62 मध्ये, तेच उदाहरण कायम आहे.

इंग्लंडला मात्र हे पचायला वेळ लागला. तिथे पोलिसांनी चोरीच्या मांसाच्या डब्यांची गाडी वाटेत अडवली आणि माल घेणारे हाती लागावेत म्हणून पुढे जाऊ दिली. पोलिसांच्या ताब्यात आल्यावर तो माल कायद्याने चोरीचा राहिला नव्हता. म्हणून तो हाताळण्याचा प्रयत्नही गुन्हा नाही, असं 1973 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. 1981 मध्ये संसदेने कायदा बदलला, तरी 1985 मध्ये लॉर्ड्स पुन्हा जुन्याच वाटेने गेले. पुढच्याच वर्षी एका सुटकेसचा खटला आला. आत हेरॉइन किंवा गांजासारखं काही आहे असं नेणारा समजत होता. निघाली तपकिरीसारखी निरुपद्रवी पूड. तरीही तो दोषी ठरला. आधीच्या निकालात सहभागी असलेल्या लॉर्ड ब्रिज यांनीच चूक कबूल करून तो निकाल फिरवला.

मला हे पटतं. पुडीत काय निघालं हा योगायोग. हात कशासाठी पुढे झाला, हे माणसाचं स्वतःचं. पण पोलिसांच्या सापळ्यात कधी पुडीही त्यांचीच असते, विकणाराही त्यांचाच. आरोपीचं म्हणून उरतं ते फक्त मन. मग ते मन कुणी वळवलं, हे विचारायलाच हवं.

अमेरिकेत व्यसनावर उपचार घेणाऱ्या एका माणसाला डॉक्टरकडेच एक खबऱ्या भेटला. मला उपचार लागू पडत नाहीत, कुठून तरी माल मिळवून दे, म्हणून तो पुन्हापुन्हा गळ घालत राहिला. तो माणूस टाळत राहिला, अखेर नमला. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. 2001 मध्ये लॉर्ड्सनीही रेघ ओढली: पोलिसांनी इतर कुठल्याही गिऱ्हाइकासारखी साधी संधी दिली असेल तर खटला चालेल, गुन्हाच घडवून आणला असेल तर थांबवावा.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जड आहे. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 28 नुसार प्रयत्नालाही पूर्ण गुन्ह्याचीच शिक्षा आहे. कलम 35 नुसार न्यायालय दोषी हेतू गृहीत धरतं; तो नव्हता हे आरोपीने निःसंशय सिद्ध करायचं. जिथे गुन्ह्याचा सगळा भार मनावर आणि ते मनच गृहीत, तिथे खबऱ्या काय बोलला, किती वेळा बोलला, याची नोंद पंचनाम्याइतकीच काटेकोर हवी.

कलम 511 मधल्या चोराने खिशात हात आपणहून घातला होता. सापळ्यात सापडलेल्या माणसाबद्दल निदान तेवढं तरी सिद्ध व्हावं.