वारुळातला शेतकरी कोण?

श्रावण शुद्ध पंचमीला निफाडच्या शिवारात नांगर धरायचा नसतो. जमीन खणायची नाही, भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. घरी दिंडं उकडायची आणि बांधावरच्या वारुळाला हळदकुंकू, दूध, लाह्या वाहायच्या. पूजा होते ती नागाची. नागाने मात्र वारूळ कधी बांधलेलं नसतं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण अक्षरशः खरी आहे. घर उभारते वाळवी, आणि तिला कुणी हात जोडत नाही.

ही वाळवी शेती करते.

आपल्याकडे वारुळं रचणाऱ्या ओडोंटोटर्मिस वंशातल्या वाळवीला लाकूड एकटीने पचवता येत नाही. वाळलेली लाकडं, पालापाचोळा, शेण खाऊन ती अर्धवट पचलेल्या विष्ठेचे थर जमिनीखालच्या कप्प्यांत रचते. फुटलेल्या वारुळात स्पंजासारखे, सुरकुतलेले, तपकिरी गोळे दिसतात, ते हेच वाफे. त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते आणि तिचे पांढरे, खसखशीएवढे दाणे वाळवी खाते. पावसाळ्यात याच वाफ्यावरून लांब देठाची अळंबी माती फोडून वर येते.

अमेरिका खंडातल्या अट्टा वंशाच्या मुंग्यांचीही हीच तऱ्हा. त्या पानं कातरून त्यांवर बुरशी पिकवतात. नवी राणी निघते तेव्हा बियाण्यासारखी थोडी बुरशी तोंडातल्या पिशवीत घेऊन जाते. मुंग्यांची शेती पाच-सहा कोटी वर्षांची, वाळवीची सुमारे तीन कोटींची. माणसाची जेमतेम दहा-बारा हजारांची.

मग वारुळात शेतकरी कोण? राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही. कामकरी वाळवी आंधळी असते आणि तिच्यापाशी आराखडा नसतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी 1959 मध्ये याचा उलगडा मांडला: एकीने ठेवलेली मातीची गोळीच दुसरीला पुढची गोळी ठेवायला लावते. काम कामाला हाक मारतं. पीक निघतं, पण 'मी पिकवलं' म्हणणारं तिथे कुणी सापडत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मामागची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, मजुरी सगळं वेळेवर झालेलं असतं आणि घड भरात असताना गारपीट होते. तेव्हा पाचवं कारण त्याच्या दारात उभं असतं.

तरीही वाळवी आणि बागायतदार एका पंगतीत बसत नाहीत. वाळवीला सुट्टी नाही. वाफ्यांची निगा थांबली की झायलेरिया नावाची तणासारखी बुरशी सगळं व्यापते. माणूस मात्र ठरवून थांबू शकतो, तेही ऐन पिकाच्या दिवसांत. कर्तेपणाचा दावा पाचांत वाटला गेला, तरी हात आवरण्याची जबाबदारी वाटून घ्यायला दुसरं कुणी येत नाही. नागपंचमी तेवढं एका दिवसापुरतं करवून घेते.

षष्ठीला बागेत परत जावं लागतं. तिथे एखाद्या वेलीच्या खोडावर वाळवीने मातीचा लेप चढवलेला असतो आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची बाटली शेडमध्ये तयार असते. ओडोंटोटर्मिसचं मुख्य अन्न मेलेलं लाकूड आणि वाळलेला पाला आहे. पाण्याचा ताण पडला की ती जिवंत पिकालाही लागते. तेव्हा आधी नखाने तो लेप खरवडून खाली पाहावं: साल सुकलेली आहे की ओली, पोखरण आत गेली आहे की वरच्यावर. मग ठरवावं, औषध ओतायचं, ड्रिपचं पाणी वाढवायचं, की नुसती मेलेली साल सोलून टाकायची.